अठरा पायऱ्या

गल्लीतल्या सुताराला सगळे पावणेमिस्त्री म्हणत. वय विचारलं की "पावणेसत्तर" आणि भूक विचारली की "पाऊण". पुरं माप म्हणून कधी सांगायचेच नाहीत. शाळेशी त्यांचं लवकरच फाटलं होतं, पण पट्टी हातात आली की भल्याभल्यांना गप्प करत.

खाली त्यांचं दुकान आणि घर, वर मुलीचं बिऱ्हाड. मधला जिना त्यांनीच तरणेपणी ठोकलेला, अगदी खडा. दोन वर्षांपूर्वी बायकोचा गुडघा गेला आणि तिचं वर जाणं बंद झालं. तेव्हापासून वरचं सगळं तिच्यासाठी खाली यायचं, महिन्याभरापूर्वी जन्मलेला नातूसुद्धा, दुपट्यात गुंडाळून. पण दुपारी तो वर रडायला लागला की ती छताकडे बघत बसायची. काय करणार बिचारी! मिस्त्रींना ते बघवेना.

एके सकाळी त्यांनी तिच्या पायाशी फळ्यांचे तुकडे रचायला सुरुवात केली. "ठेव पाय. आता? आता?" सव्वापाच इंचांपर्यंत ती हसत होती. त्यावर पातळसा तुकडा ठेवताच कळवळली.

"ठरलं," मिस्त्री म्हणाले. "नव्या जिन्याची पायरी सव्वापाच इंचांची. सूतभरही जास्त नाही."

गणिताची मास्तरीण असलेली मुलगी बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. "बाबा, जिन्याची उंची किती?"

"साडेचौऱ्याण्णव इंच."

"दोन्हींचे पाव पाव इंच करा. उंचीत तीनशे अठ्ठ्याहत्तर पाव, पायरीत एकवीस. भागले की बरोबर अठरा पायऱ्या."

"कागदावर लाकूड कापता येत नाही, बाई," असं म्हणून मिस्त्रींनी सव्वापाच इंचांची पट्टी कापली. साडेचौऱ्याण्णव इंचांची फळी आडवी टाकली. पट्टी ठेवायची, कानामागची पेन्सिल काढून रेघ मारायची, रेघेच्या पुढे पुन्हा पट्टी. सतरा पायऱ्या झाल्या आणि अठरावीला उरले जेमतेम सव्वाचार इंच.

"बघ!" ते गरजले. "तुझ्या भागाकाराने इंचभर खाल्ला."

"भागाकार कशाला खाईल? तुमची पट्टी चुकली असेल."

"माझी पट्टी? चाळीस वर्षं..."

बाप-लेकीची चांगलीच जुंपली. जिन्यात एक पायरी वेगळी म्हणजे पाय अडखळणारच, आणि अडखळणार कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून कोणीच माघार घेईना. मिस्त्रींनी पट्टी मोजली, सव्वापाच. फळी मोजली, साडेचौऱ्याण्णव. घाम फुटला बिचाऱ्यांना.

दाराशी खुर्चीत बसलेल्या बायकोने हात पुढे केला. "अहो, ती पेन्सिल दाखवा जरा."

पेन्सिल कसली, टोक बोटाएवढं बोथट झालेलं.

"रेघ अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जाड येतेय. तुम्ही पट्टी रेघेच्या पुढे ठेवता. मग सतरा रेघांची जागा कोणाच्या हिशेबात? सगळं घर तासलंत, एक पेन्सिल तेवढी तासायची राहिली."

मुलगी इतकी हसली की बाळ दचकून जागं झालं. मिस्त्री क्षणभर अवघडले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. पटाशी घेऊन त्यांनी पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं, फळीवरच्या रेघा रंध्याने पुसल्या आणि पुन्हा मापं घेतली. या वेळी अठरावी पट्टी फळीच्या टोकाशी येऊन थांबली. मुलीने "मी सांगितलं नव्हतं?" असं म्हटलं नाही, नुसती भुवई उडवली.

अठरा पायऱ्यांना जागा जास्त लागते. जिना मधे वळवावा लागला आणि मिस्त्रींचं लाडकं कपाट बाहेर गेलं. कठडा त्यांनी तीनदा घासला. जिना उभा राहिला त्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "संध्याकाळी सगळे जमले की चढ. मी हात धरतो."

पण दुपारीच वर बाळ रडायला लागलं. दुकानात रंधा मारत असलेल्या मिस्त्रींना पायऱ्यांवर सावकाश पावलं ऐकू आली. रंधा थांबला. ते धावले नाहीत, हाकही मारली नाही, जागच्या जागी उभे राहून मोजत राहिले. पंधरा. सोळा. सतरा. मग जरा शांतता. ती एवढीशी शांतता त्यांना फार जड गेली.

अठरा.

थोड्या वेळाने वरचं रडणं थांबलं. मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि रंधा पुन्हा उचलला, तोच वरून हाक आली.

"अहो, ऐकलंत का? माझा चहा वरच घेऊन या. पाऊण नको, पुरा कप!"