नावं घेण्याची दुपार

आमची शाळा बिशपच्या अखत्यारीतली, फक्त मुलींची, आणि शिस्तीत तुरुंगाच्या एकच पायरी खाली. निळा झगा, काळे मोजे, जिन्यात बोलायचं नाही, जेवताना टेबलावर कोपर टेकवायचं नाही. बाबा जर्मनीत लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. आई गेल्यावर दिवसा मला सांभाळणारं घरी कुणी नव्हतं आणि सिस्टर संध्याकाळपर्यंत मुलींना ठेवून घेत. म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादावर वाढलेली मी तिथे जाऊन पडले.

शाळेचा इतिहास सगळ्या सिस्टर एकाच सुरात सांगत. युद्धाआधी नाझी सरकारने शाळा सक्तीने बंद केली, मग इमारतीवर बॉम्ब पडले, मग ढिगाऱ्यातल्याच विटा वेचून ती पुन्हा उभी राहिली. तेव्हा आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या घरातलं कुणीतरी गेलेलं होतं. त्या वेळच्या मुख्य सिस्टरनी एक प्रथा पाडली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी सगळी शाळा चॅपेलमध्ये, म्हणजे आवारातल्याच छोट्या चर्चमध्ये, जमायची. जिचं माणूस गेलं असेल तिने पुढे जाऊन मेणबत्ती लावायची आणि त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. आडनाव नाही, नातं नाही, फक्त नाव. मग सगळ्या शाळेने ते एका आवाजात परत म्हणायचं. घरची मंडळी मागच्या बाकांवर बसत. कागदावरून वाचलेलं चालत नसे. आपल्या माणसाचं नाव आपल्या तोंडी असावं, एवढीच अपेक्षा.

ती मला पुरी करता येईना. मला आईचं नाव माहीत नव्हतं.

हे सांगितलं की आज लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण पुण्यात आजी तिला सूनबाई म्हणे आणि शेजारणी वहिनी. मी चार वर्षांची असताना आम्ही जर्मनीत आलो. तिथे ती फ्राऊ, म्हणजे श्रीमती, झाली आणि त्याला जोडून आमचं आडनाव. बाबा ‘अगं’ म्हणत, नाहीतर ‘ऐकलंस का’. मला ती आई. तीन माणसांच्या घरात नाव लागतं कुणाला? मी सात वर्षांची असताना न्यूमोनियाने ती गेली आणि बाबांनी तिचा विषयच बंद केला. तिचा फोटोसुद्धा ट्रंकेच्या तळाशी गेला.

त्या शाळेतल्या माझ्या पहिल्याच नोव्हेंबरात मी जेवताना बाबांना विचारलं, “आईचं नाव काय होतं हो?”

भात कालवणारा त्यांचा हात थांबला. “कशाला हवंय?”

मी चॅपेलचं सांगितलं.

“बघू,” म्हणाले, आणि ताट तसंच टाकून उठले.

मला भयंकर राग आला. नाव विचारलं होतं, इस्टेट नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ‘बघू’. बाबा तिला विसरले, असं माझ्या मनाने घेतलं. सगळ्यांच्या मेणबत्त्या लागणार आणि माझ्या आईची तेवढी राहणार, या विचाराने मी न्हाणीघरात जाऊन रडले.

नावं घेण्याच्या त्या दुपारी बाबा कारखान्यातून सुटी काढून आले आणि ओव्हरकोट न काढता शेवटच्या बाकावर बसले. मुली एकेक करून पुढे जाऊ लागल्या. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने वडिलांचं नाव घेतलं. त्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. सगळ्या शाळेने ते परत म्हटलं आणि ती समाधानाने जागेवर आली. मला तिचा हेवा वाटला. बाप नसलेल्या मुलीचा हेवा!

माझी पाळी आली. मेणबत्ती लावून मी तोंड उघडलं. पण घेणार काय?

“आई,” मी म्हणाले. नियमात बसत नव्हतं, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

सिस्टर माझ्याकडे वाकल्या. “नाव, बाळा. तिचं नाव.” मी नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. ते उभे राहिले होते. त्यांनी एक लहानसंच नाव घेतलं, मी कधीही न ऐकलेलं. सगळ्या शाळेने आपल्या परीने त्याची मोडतोड करत ते परत म्हटलं. बाबा मटकन खाली बसले आणि त्यांनी हातातली हॅट चेहऱ्यासमोर धरली.

परतताना ट्राममध्येही माझा राग गेला नव्हता. “एवढं साधं नाव होतं, तर घरी का नाही सांगितलंत?”

“कोणतं सांगू तेच कळेना,” बाबा म्हणाले. “लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं. पद्धतच होती ती. तिला आवडलं नाही. माझं माहेरचंच राहू द्या ना, म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. मग ती नव्या नावाला ओ देईना आणि मी जुन्या नावाने हाक मारीना. ‘अगं’वरच भागलं सगळं.”

“आणि आज घेतलंत ते?”

“तिचं. माहेरचं.”

“मग त्या नावाने तुम्ही तिला हाक कधी मारलीत?”

आमचा स्टॉप आला आणि गेला. बाबा उठले नाहीत.

“आज,” ते म्हणाले.