त्रेसष्ट अक्षरांचं नाव

महेश्वरीला सात आठवड्यांपासून एकच काम होतं, एक नाव ठरवून घेणं. ते नाव काही तिच्या घरच्या बाळाचं नव्हतं, वेबसाइटचं होतं. बाळाचं असतं तर आत्यानं कानात सांगून केव्हाच मोकळं केलं असतं.

सोलापुरात सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर कै. चनबसप्पा ट्रस्टचं ऑफिस आहे. तिथं पगार घेणारी माणसं दोनच, झाडणारी बाई आणि महेश्वरी. बाकी सातजण विश्वस्त. बिड्या वळणाऱ्या बायकांना जवळचं दिसायचा चष्मा फुकट द्यायचा, हे ट्रस्टचं काम. चनबसप्पांनी सुरू केलं आणि त्यांचे चिरंजीव शिवयोगी अण्णा आता अध्यक्ष म्हणून चालवतात. पण देणगी देणारी जुनी माणसं एकेक करून गेली, आणि त्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला. ती पावतीपुस्तक बघायला जिने चढून येणार होती थोडीच! म्हणून वेबसाइट काढायची, शहरभर फ्लेक्स लावायचे, रिक्षातून पुकारायचं, असं ठरलं. ठरवलं महेश्वरीनंच. तिथवर कुणाची ना नव्हती.

घाई होती ती बिड्या वळणाऱ्या शांतम्माच्या गल्लीची. त्या गल्लीत बाराजणी एकाच ओसरीवर सुपं मांडीवर घेऊन बसतात. पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. चाळिशी उलटली की दोरा दिसेनासा होतो, बिडी सैल होते, आणि कारखान्यात माल तपासणारा ती काढून टाकतो. त्या काढून टाकलेल्या मालाला छाट म्हणतात. यंदा कारखान्यानं सांगून टाकलं होतं, छाट कमी झाली नाही तर दसऱ्यानंतर एकेकीचं पान बंद, म्हणजे कामच बंद.

महेश्वरीनं स्वतःच्या पदरचा एक चष्मा नेऊन दिला होता. शांतम्मानं तो घालून बघितला, दोरा बांधून बघितला आणि काढून परत दिला.

"बाराजणी हाव आमी. एकटीच घालून बसू व्हय मी? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघायचं?"

महेश्वरीनं तिला शब्द दिला, दसऱ्याच्या आत बारा चष्मे आणते. त्या दिवसापासून हा शब्द तिच्या डोक्यात ठणकत होता.

पहिल्याच बैठकीत तिनं नाव सांगितलं, 'चष्माद्या डॉट इन'. रिक्षातून ऐकलं तरी लक्षात राहावं असं. ते शिल्लक आहे हेही तिनं बघून ठेवलं होतं. बाकीच्या सहाजणांनी अण्णांकडं बघितलं. मग अण्णांनी वर पंख्याकडं बघितलं.

ऑफिसच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं आहे, 'कै. चनबसप्पा यांचे स्मरणार्थ'. पंखा फिरायला लागला की कुणालाच वाचता येत नाही, पण आहे. बाकावर आहे, पाण्याच्या पिंपावर आहे, भिंतीवरच्या घड्याळावर आहे. आपल्याकडं दान देणाऱ्याचं नाव वस्तूवर नसलं तर ते दान लागू पडत नाही, अशी एक ठाम समजूत आहे, आणि देवळाच्या पायऱ्यांपासून स्मशानातल्या बाकांपर्यंत आपण ती पाळतो.

"बाबांचं नाव कुटं हाय ह्यात?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ते आत पानावर येईल ना. मोठा फोटो लावू."

"आत कोण बघतं? दारावर पायजे की."

झालं! एकदा बाबांचं नाव दारावर आलं, मग नुसतं कसं चालेल, 'कैलासवासी' पाहिजेच. चनबसप्पा गावात तीन होते, म्हणून त्यांच्या वडिलांचं नावही आलं, शिवलिंगप्पा. एका आठवड्यात 'स्मरणार्थ' आलं. एका आठवड्यात विश्वस्त बिरप्पाकाका म्हणाले, 'मोफत चष्मा वाटप अभियान' म्हणू, अभियान शब्द वजनदार वाटतो. बैठक दर सोमवारी असे, आणि पुढचा सोमवार अमावास्येत गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी 'सोलापूर' लागलं, कारण उद्या अक्कलकोटवाले म्हणतील आमचंच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथं नकटीही ठरत नव्हती. महेश्वरी इतिवृत्त लिहीत राहायची. पेन कागदावर इतकं दाबायची की खालच्या पानावरही अक्षरं उमटायची.

आपणच ते लहान नाव घेऊन टाकावं, असं तिच्या मनात दहा वेळा आलं. पण बिनठरावाचं केलं म्हणून आधीच्या मुलीला त्यांनी घरी बसवलं होतं, आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं भाडं या नोकरीवरच होतं. फ्लेक्सवर निदान क्यूआरचा चौकोन टाकू, म्हणजे नाव टाइप करायला नको, असंही तिनं सुचवलं. बिरप्पाकाका दचकले. "त्यातनं लोकांचे पैसे जातात म्हनं." तोही विषय संपला.

शेवटी तयार झालेलं नाव ती भरायला बसली तर ते जाईना. इंग्रजी अक्षरं पंचाहत्तर झाली होती आणि नियमाप्रमाणं त्रेसष्टच चालतात. बारा अक्षरं काढायची. पुन्हा बैठक. कैलासवासी काढायचं? अशुभ. शिवलिंगप्पा काढायचं? आज्याचा अपमान. तासभर चर्चा झाली आणि बारा अक्षरं काढली ती 'मोफत चष्मा' ही. उरलं, 'कैलासवासीचनबसप्पाशिवलिंगप्पास्मरणार्थवाटपअभियानसोलापूर'. बरोबर त्रेसष्ट. वाटप कशाचं, ते देव जाणे.

"आयतु," अण्णा समाधानानं म्हणाले. म्हणजे झालं.

महेश्वरीला हसावं की रडावं कळेना. तिला राग आला होता, आणि राग सांगायला त्या खोलीत पंख्याशिवाय कुणी नव्हतं.

फ्लेक्सचं अनावरण दसऱ्यानंतर आठव्या दिवशी झालं, वरातीमागून घोडं. तेही शांतम्माच्याच गल्लीच्या तोंडाशी. फ्लेक्सवर सात विश्वस्तांचे सात चेहरे, मधे चनबसप्पांचा फोटो, शाली, हार. त्यातून उरलेल्या बोटभर पट्टीत वेबसाइटचं नाव, एका ओळीत बसावं म्हणून मुंगीएवढ्या अक्षरांत. शाल-श्रीफळ झाल्यावर शिवयोगी अण्णा माइक घेऊन उभे राहिले.

"सर्वांनी ध्यानात ठेवायचं, आपलं नाव हाय..." असं म्हणून ते पट्टीकडं वळले. जवळ गेले. मागं सरले. डोळे बारीक केले. घरचा चष्मा घरीच राहिला होता. "क... कै..."

माइकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. ओसरीवरच्या बायका बघत होत्या. शांतम्मा उठली, नमुन्याला मांडलेल्या चष्म्यांतला एक उचलून तिनं अण्णांच्या हातात दिला.

"घाला अण्णा. लाज कसली. आमालाबी असंच हुतंय."

कुणी हसलं नाही. अण्णांनी चष्मा घातला आणि वाचलं. मधे एकदा दम घ्यावा लागला. वाचून झाल्यावर माइक खाली करून ते महेश्वरीला म्हणाले, "लई लांब झालं की गं."

महेश्वरीच्या तोंडाशी सात आठवडे आले होते. ती एवढंच म्हणाली, "हो अण्णा."

"तुझं ते बारकं हाय का अजून?"

"आहे. रोज बघते मी."

"घे मग. ठराव मागनं करू. दोन्ही एकाच ठिकाणी जातील न्हवं?" त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला.

तिनं तिथंच, टेबलाच्या कडेला, उभ्या उभ्या नाव भरलं. अण्णांच्या फोनवर ओटीपीचा आकडा आला, तो टाकला. हिरवी खूण उमटली. तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, तसा त्यानं लगेच पुकारा सुरू केला, आणि ते नाव त्याला एका दमात जमलं.

शांतम्मा शेजारी उभी होती. "झालं?"

"झालं, शांतक्का. चार-पाच दिवसांत बारा चष्मे आणते."

"किती येळ लागला गं ह्याला?"

महेश्वरीला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "दोन मिनिटं."

शांतम्मानं मान हलवली. मग ओसरीकडं बघत, हिशेब चुकू नये म्हणून सांगावं तशी ती म्हणाली, "बारा नको, आठच आण. आमच्यातल्या चौघींचं पान बंद झालं की. त्या तुमच्या जुळे सोलापुरात घरकामाला लागल्या. भांडी घासायला चष्मा लागत न्हाय."