रंगवायला टाकलेला पत्रा

मार्गशीर्षातला पहिला रविवार, दुपारचे तीन. खर्च चाळीस रुपये, अर्धा किलो तांदळाच्या पिठाचे. हजर: मी, माझी आई, मोहन्याहून आलेली आत्या आणि कॉलेजात ॲनिमेशन शिकणारी माझी मुलगी. बायको घरातच होती, पण "मला यात धरू नका" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसली. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये, जिथे अप्पांची खाट असायची त्या कोपऱ्यात, मी जमिनीवर पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, पिठावर भाजीची टोपली पालथी घातली आणि तिथेच ठेवलेल्या कॉम्प्युटरवर मुलीला जड काम लावायला सांगितलं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन पाच आठवडे झाले होते. त्यांच्या दहाव्याच्या रात्री पिठावर जे उमटलं ते वाऱ्याने उमटलं, एवढंच मला आईला दाखवायचं होतं.

तो वारा कुठला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मुलीच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट साधं होतं. काळा पत्रा, पुढून ठार बंद, हवा आत यायला वाटच नाही. तिचं काम जड. मिनिटभराचं चित्र तयार व्हायला मशीन रात्रभर चालायचं आणि मध्येच तापून बंद पडायचं. मी आतलं तापमान बघितलं तर चौऱ्याण्णव. हवेशीर कॅबिनेट सहा हजारांच्या खाली मिळत नव्हतं.

"सहा हजार?" अप्पा म्हणाले. "पत्र्याला भोकं पाडायचे?"

ते मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी हत्यारांची पेटी खाटेखालीच होती. त्यांनी पुढच्या पत्र्यावर एक आणि बाजूच्या झाकणावर एक गोल आखला, रेषेवरून ड्रिलने भोकं पाडत गेले, मधली चकती ठोकून काढली आणि कडा कानशीने घासल्या. दोन दिवस घरात लोखंडाचा वास होता. मुलीने रंगीत दिव्यांचे पंखे मागवले होते. ते बसवून सुरू केले तेव्हा अप्पांनी डोक्याला हात लावला.

"हे काय, गणपतीचं डेकोरेशन?"

"आजोबा, याला आरजीबी म्हणतात."

"म्हणा काहीही. विसर्जन कधी?"

तापमान एकाहत्तरावर आलं. पण झाकणाचा पत्रा वाजायला लागला. दिवसा कळायचं नाही, रात्री मात्र बारीक झिणझिण. आई त्याच हॉलमध्ये झोपते. "आजा-नातीने मिळून कानात भुंगा सोडलाय माझ्या," ती म्हणाली. "बघतो," एवढंच अप्पा म्हणाले. झाकण काढून ते गच्चीवर घेऊन गेले, तिथे काहीतरी खटपट केली आणि कापलेल्या कडा गंजू नयेत म्हणून झाकण एमआयडीसीत पावडर कोटिंगला टाकून आले. त्या आठवड्यातच ते झोपेत गेले. झाकणाचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आमच्याकडे दहाव्याच्या रात्री, माणूस जिथे गेला तिथल्या दिव्याशेजारी पीठ पसरतात आणि टोपलीने झाकतात. सकाळी पिठावर जी खूण दिसेल त्यावरून जीव कुठे गेला ते ओळखतात. पाखराचा पाय, गाईचा खूर, असं काहीतरी. वेताची टोपली आता कोणाच्या घरात असते? बायकोने भाजीची प्लास्टिकची, जाळीची टोपली दिली. आणि मुलीचं सबमिशन होतं, म्हणून कॉम्प्युटर रात्रभर चालू राहिला. मी त्याचे रंगीत दिवे तेवढे बंद केले होते.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पिठावर एक रेघ होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, नागमोडी.

आत्या हळूच म्हणाली, "साप." मग दिव्याकडे बघून, "कशात अडकलास रे भावा?"

आमच्यात साप म्हणजे जीव सुटला नाही. काहीतरी राखत बसलाय. त्या दिवसापासून आई कॅबिनेटसमोर दुधाची वाटी ठेवू लागली. संध्याकाळी ती वाटी उचलून उजेडात धरायची आणि दूध किती कमी झालंय ते बघायची. कमी व्हायचंच, मशीनची गरम हवा लागत होती. मी ते सांगितलं, तर म्हणाली, "हो का," आणि वाटी परत भरली. कळव्याला मावशीकडे चार दिवस जा म्हटलं, तर "घरात माणूस आहे, त्याला टाकून कुठे जाऊ?" रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. एकदा मुलगी कॉम्प्युटर बंद करायला गेली तर आईने तिचा हात धरला.

"नको गं बंद करूस. कोंडल्यासारखं होईल त्यांना."

तेव्हापासून मशीन चोवीस तास चालू. मी त्या कोपऱ्याला पाठ करून बसायचं टाळू लागलो. कशाला भितोय, ते मला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. शेवटी मी आईला सांगून टाकलं, की कॅबिनेटची एक बाजू उघडी आहे, पुढचा पंखा हवा आत घेतो, ती त्या बाजूने पिठावर येते. जाळीतून शिरली असणार.

ती शांतपणे ऐकत होती. "मग लाव परत," म्हणाली. "दाखव."

म्हणून तो रविवार. तोच कोपरा, तीच टोपली, मुलीने मशीनला तेवढंच जड काम लावलेलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही बसलो. आत्याने दोनदा चहा मागितला. मग मी टोपली उचलली.

कॅबिनेटकडच्या कडेला पीठ किंचित सरकलं होतं, चंद्रकोरीसारखं. बाकी जसं पसरलं तसंच. रेघ नव्हती.

मी कॅबिनेट चार बोटं पुढे घेतलं, पीठ सारखं केलं आणि ते रात्रभर तसंच ठेवायचं म्हटलं. आत्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"हवा येते की नाही, तू सांग."

"येते ना आत्या. हात लावून बघ."

"येते ना? मग सांग तिला, एक रेघ काढ म्हणावं."

मुलीला हसू आलं आणि लगेच गेलं. मी टोपली परत पालथी घातली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

आत्या मग आईकडे वळली. "वहिनी, त्याचं काही राहिलंय का? कोणाला शब्द दिलेला, काही अर्धं टाकलेलं?"

"त्यांनी कधी काही मागितलंच नाही," आई म्हणाली.

मुलगी कॅबिनेटच्या उघड्या बाजूसमोरच बसली होती. आतल्या वायरी, फिरणारे पंखे सगळं दिसत होतं. पाच आठवडे आम्ही ते रोज बघत होतो.

"आजी," ती म्हणाली, "झाकण."

सोमवारी सकाळीही पिठावर रेघ नव्हती. मी रजा टाकली. आई म्हणाली, मी येणार. रिक्षाने एमआयडीसीत गेलो. भट्टीची धग दारापर्यंत येत होती आणि आकड्यांना रंगवलेले पत्रे टांगलेले होते. कारखानदाराने विचारलं, "मामा नाही आले?" मी अप्पांचं सांगितलं. तो हात पुसत आत वळला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाकण घेऊन आला.

रंग काळाच, पण मऊ, चमक नसलेला. गोल भोक माझ्या ओळखीचं होतं. त्याच्या खाली, जमिनीजवळ येईल अशा जागी, एक चीर होती. ती मी कधी बघितली नव्हती. बोटभर रुंदही नाही, जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, नागमोडी.

आईने तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा गेलं, परत आलं.

"हीच," ती म्हणाली.

"मी विचारलं होतं त्यांना," कारखानदार म्हणाला, "वाकडी कशाला कापलीत, सरळ कापायची. तर म्हणाले, हवेला वाट नसली की पत्रा वाजतो, आणि सरळ चिरेचाही वाजतो. घरात मंडळींची झोप मोडते."

चिरेला पाच वळणं होती. अकराव्याच्या सकाळी पिठावर किती होती, मी मोजली नव्हती. फोटो काढायची ती वेळ नव्हती. त्यामुळे दोन्ही सारखी होती, असं मी लिहू शकत नाही. आणि त्या रात्री ही चीर आमच्या घरात नव्हती, ती इथे भट्टीशेजारी पडून होती, हेही मला खोडता येत नाही.

मी पाकीट काढलं. तो म्हणाला, "आधी बसवून बघा. मामांशी तसंच ठरलेलं, वाजला तर परत आणीन म्हणाले होते."

दुपारी झाकण बसवलं. मुलीने मशीनला सगळ्यात जड काम दिलं. आई कॅबिनेटला कान लावून बसली, इतका वेळ की मी मध्ये एकदा तिला हाक मारली. पत्रा वाजत नव्हता. फक्त हवेचा आवाज होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

"आता बंद कर," ती मुलीला म्हणाली.

मशीन बंद झाल्यावर घर एवढं शांत झालं की स्वयंपाकघरात बायको भांडी लावायची थांबली. आईने दुधाची वाटी उचलली, मोरीत नेऊन घासली आणि पालथी ठेवली. त्या रात्री ती आडवी झोपली.

पिठाच्या पुड्यात अर्धं पीठ उरलं होतं. झाकण लावून एकदा पसरून बघावं, असं माझ्या मनात आलं होतं. मी पसरलं नाही.

मंगळवारी कामावर जाताना वाट वाकडी करून एमआयडीसीत गेलो. सहाशेपैकी अडीचशे अप्पांनी आधीच दिले होते. कारखानदाराने पैसे घेण्याआधी विचारलं, "वाजतो का?" मी नाही म्हटलं आणि उरलेले साडेतीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवले.