माझा भांडखोर बांधकरी

शहापूर-मुरबाडात माझ्या बांधकऱ्याइतका वाईट तोंडाचा माणूस दुसरा झाला नाही. आमच्या भातखाचरांमध्ये बांध एकच, म्हणून तो बांधकरी. भर वैशाखात घोंगडी पांघरायचा, काढ म्हटले तर म्हणे, "उन्हाला आत यायला वाट कशाला देऊ?" लग्नात जेवणाला नावे ठेवीत तीनदा भात घ्यायचा. तापाने पडलेल्याला अंगणातूनच हाक, "अजून हायस का रे?" तो आजारी रागाने उठून बसायचा आणि पेज मागायचा. डोळखांबच्या वैद्याला हे जमत नसे. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण खोटे लिहीत नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी माझी बायको गेली. मी अन्न सोडून भिंतीकडे तोंड करून पडलो. गाव येऊन "देवाची मर्जी" म्हणून गेला. हा आलाच नाही. मग एका सकाळी त्याने माझा राब पेटवला, तोही वाऱ्याच्या बाजूने! पेरणीआधी जमीन पाला-शेणाने भाजायची ती वाऱ्याच्या उलट, आग हळूहळू सरकवत. जाळ भुर्रकन पळाला, तसा मी धावलो.

"आंधळ्या, वारा कुठनं हाय दिसत नाय तुला?"

"मला वाटलं तू मेलास. मेलेल्याचा राब कसापण भाजला तरी चालतो."

तासभर भांडलो. मग त्याच्याच घोंगडीत तोंड घालून रडलो. "शेंबूड लावू नको रे," म्हणाला, आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडून पुढे ठेवली.

लढाईत रॉकेल मिळेनासे झाले, त्या साली त्याची एकुलती लेक बाळंतपणात गेली. मी धुतलेला सदरा घालून गेलो, चार माणसांत शेजारी बसलो आणि म्हणालो, "देवाची मर्जी."

त्याने माझ्याकडे पाहिले. "हे सांगायला गाव हाय. तू कशाला आलास?"

एवढ्या माणसांत माझा अपमान! उठून चालता झालो. बोलावील तेव्हाच जाईन, असा हट्ट धरला. लावणीला एकाच बांधाच्या दोन बाजूंना वाकलो, पण बोललो नाही. तो वाळत गेला आणि दिवाळीच्या आत संपला.

त्याचे भात मी कापले. त्याची बायको पाणी घेऊन आली.

"वाटेकडं बघत बसायचे, भावजी. मी म्हणायची, बोलवा की त्यांना. तर म्हणायचे, आपल्या पायानं येऊ दे. बोलवून आणलेल्याशी भांडता येत नाय."

मी पाणी प्यालो. अजून दोन खाचरे कापायची होती.