वन्संच्या खात्यातले परके पैसे

आमच्या वन्सं, म्हणजे माझी एकुलती एक नणंद, बॅगा दुरुस्त करतात. चेन बसवणं, तुटलेला पट्टा लावणं, फाटलेला तळ नवा घालणं. लहानपणीच्या आजारात त्यांचे दोन्ही पाय गेले. जाताना पाय आपलं सगळं बळ जिभेला देऊन गेले, असं मी म्हणते, आणि त्याही खळखळून हसतात.

त्यांचं मशीन हाताने फिरवायचं. उजवा हात दांड्यावर अडकलेला, कापड सरकवायला उरतो एकटा डावा. पातळ कापड असलं तर निभतं. जाड कॅनव्हास आलं की "वहिनी, जरा धरा" अशी हाक येते. मग गॅसवर दूध उतू जात असलं तरी मी पलीकडून कापड ओढत उभी. विजेचं मशीन घेतलं तर त्याचं पेडल टेबलावर ठेवून कोपराने दाबता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वन्संना ते मशीन हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त मला हवं होतं.

त्यासाठी एका संस्थेची योजना मिळाली होती. अपंग माणसाने दर महिन्याला ठरलेला हप्ता टाकायचा, तेवढेच पैसे संस्था वरून घालणार. वर्ष पुरं झालं की दोन्ही मिळून धंद्याचं साधन घ्यायचं. हप्ता स्वतःच्या कमाईचा हवा आणि एकही चुकायला नको, एवढीच अट. चुकला तर संस्थेचा वाटा गेला. वन्संनी चहात साखर कमी केली, पण हप्ता चुकवला नाही. आणि शेवटचा एक हप्ता उरलेला असताना तापाने आडव्या झाल्या. मशीनवर झाकण पडलं ते पडलंच.

आमचे हे शाळेची बस चालवतात. बहीण म्हणजे यांना काचेचं भांडं. तिला कधी वरच्या आवाजात बोलायचं नाही, तिला कशाला नाही म्हणायचं नाही. हा नियम बायकोला लागू नाही, ते सोडा. तर यांनी आपल्या ओव्हरटाइमचे पैसे गुपचूप वन्संच्या खात्यात भरले आणि गड जिंकल्यासारखे घरी येऊन मला सांगितलं. मीही खूश झाले. आम्ही दोघेही असले शहाणे!

महिना संपायला आठवडा उरला असताना संस्थेच्या बाई घरी आल्या. वन्सं नुकत्याच उठून बसायला लागल्या होत्या.

"हप्ता वेळेवर आलाय, पण तब्येत अशी असताना काम कसं केलंत हो?" बाईंनी सहजच विचारलं.

"अहो, गिऱ्हाइकांची नुसती रांग!" हे मध्येच म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कसली रांग?" वन्सं म्हणाल्या. "मी उशीवरून डोकं उचललं नाही. दादा, ते पैसे तू भरलेस का?"

यांनी मान खाली घातली. बाईंचं तोंडही उतरलं. "ते पैसे परत घ्या," त्या म्हणाल्या. "महिना संपायच्या आत तुमच्या कमाईचे भरा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

बाई गेल्या. हे भिंतीकडे बघत बसले. वन्संचा डोळा मात्र यांच्यावरून हलला नाही.

"दादा, पैसे द्यायचं सुचलं तुला. काम द्यायचं नाही सुचलं?"

"माझ्याकडे कसलं काम?"

"बसच्या सीटा फाटल्यात म्हणून परवा तूच ओरडत होतास. त्या कोण शिवणार?"

"मालक बाहेर देतोय. रेक्झिन असतं ते, जाड. तुला कुठे झेपायचं..." आणि हे थांबले. काय बोलून गेलो ते यांचं यांनाच कळलं.

"मला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला गप्प बसवत नाही, मी म्हटलं, "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

दुसऱ्या दिवशी हे खांद्यावर कव्हरांचा गठ्ठा घेऊन आले, सोबत मालकाचा दर. वन्संनी ऐकला आणि आपला सांगितला. झालं, जुंपली.

"एवढे? दोरा सोन्याचा वापरतेस काय?"

"रेक्झिनने सुया मोडतात. त्या काय तुझा मालक देणार?"

"बाहेरचा कमी घेतो."

"मग जा बाहेरच्याकडे!"

आणि हा माणूस खरंच गठ्ठा उचलून दारापर्यंत गेला! हे काम गेलं तर हप्ता गेला, मशीन गेलं. मी वन्संना खुणा करकरून थकले, घ्या हो, आहे ते घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातूनच यांनी मालकाला फोन लावला, बरीच हुज्जत घातली आणि सौदा मधोमध ठरला. दोघांचे चेहरे लालबुंद.

मग रेक्झिन ओढून ओढून माझे हात भरून आले. दांडा फिरवून वन्संचा खांदा दुखला, पण टाका एक वाकडा नाही. मालकाने शिवण ताणून पाहिली आणि ठरलेले पैसे मोजले. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही ते भरून आलो. बाईंनी विचारलं, कशाचे? "बसच्या सीटांचे," वन्सं म्हणाल्या. संस्थेचा वाटा पडला, मशीन आणायला आम्ही मोकळे झालो.

घरी परतताना हे सबंध रस्ताभर पुटपुटत होते, ही बाहेरच्याहून महाग, हिने मालकाला लुटलं. घरात आल्यावर माझा तोल गेला. हे हातपाय धुवायला आत गेले तशी मी वन्संना म्हटलं, "सख्ख्या बहिणीशी एवढी घासाघीस? शोभतं का या माणसाला? चांगलं खडसावते आज."

"काही बोलू नका हं, वहिनी," वन्संनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा असा फुललेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. "दादा जन्मात पहिल्यांदा माझ्याशी भांडला."

मला भरून आलं. तेवढ्यात आतून यांचा आवाज आला, "आणि दोऱ्याचे तू जास्तच लावलेस!"

"नाही लावले!" वन्सं ओरडल्या, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात.