तीन चौकटींतली घंटा

व्हिडिओ जोडणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे ‘शंकासुर’ म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. कुलूप लावल्यावर तो स्वतः ओढून बघायचा, मग बायकोला ओढायला लावायचा. दूध उतू गेलं तरी त्यात कुणाचा तरी हात आहे असं त्याला वाटे. पण कामाला पक्का! शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून तो वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेला लग्नसोहळा एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी असा मांडायचा, की एका चौकटीत नवरी लाजली त्याच क्षणी दुसरीत तिचा बाप डोळे पुसताना दिसावा. त्यासाठी तो सुरुवातीलाच एक मोठी टाळी वाजवून घ्यायचा. सगळ्या चित्रणांत ती टाळी एकावर एक बसली, की बाकीचं आपोआप जुळे.

त्या दुपारी नाटक कंपनीचे मालक स्वतः जिना चढून आले. कंपनीचा मखमली झगा चोरीला गेला होता. आणि काय झगा होता तो! खऱ्या जरीचा, भरभक्कम विमा उतरवलेला. अंगावर चढला की काडीपहिलवानसुद्धा सम्राट दिसायचा. कितीतरी नटांचा घाम त्यात मुरला होता. मालकांनी नाट्यगृहातल्या तीन कॅमेऱ्यांची चित्रणं पुढ्यात ठेवली. एक प्रेक्षकांच्या खुर्च्यांचं, एक विंगेचं, एक मागच्या दाराचं.

“एका पडद्यावर आणा. चित्रणाच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून जोडा. आवाज नको, नुसता गोंगाट आहे.” उठता उठता ते हळूच म्हणाले, “तुमच्या मेहुण्याचं नाव पुढं येतंय. वाईट वाटतं हो. पण सिद्ध झालं तर कंपनीत ठेवता येणार नाही.”

मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, कंपनीचा कपडेपट सांभाळणारा. गोड बोलणारा माणूस. आणि गोड बोलणं शंकासुराला मुळातच पचत नसे.

त्यानं घड्याळावर घड्याळ बसवून तिन्ही चौकटी जुळवल्या. मागच्या दारातून कपडेपटवाल्याचा निळा डगला घातलेला, पाठमोरा माणूस गाठोडं घेऊन बाहेर पडला. विंगेत त्याच वेळी मेहुण्याचा पत्ता नव्हता.

“वाटलंच होतं मला!” तो मांडीवर थाप मारून म्हणाला.

“काय वाटलं होतं, दादा?” बहीण दारात उभी होती.

“तूच बघ. विंगेत आहे का तुझा नवरा?”

ती जवळ येऊन बघत राहिली. “तो डगला खुंटीला लटकत असतो. कुणीही घालेल.”

“कुणीही म्हणजे कोण? भूत?”

“आवाज का बंद ठेवलायस?”

“मालक म्हणाले. घड्याळं आहेत की.”

“लोकांच्या लग्नात तुझा घड्याळावर विश्वास नसतो, टाळी लागते. माझ्या नवऱ्याच्या वेळी बरा बसला विश्वास!”

हे मात्र वर्मी लागलं. त्यानं फणकाऱ्यानं आवाज सुरू केला. मध्यंतर संपल्याची घंटा खुर्च्यांच्या आणि विंगेच्या चौकटीत एकदम घणाणली. मागच्या दाराशी मात्र ती बऱ्याच वेळानं, एकटीच वाजली.

शंकासुरानं घंटा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकली. मागच्या कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं होतं. सगळ्या जगाकडे वाकड्या नजरेनं बघणारा हा माणूस नेमका तिथं डोळे मिटून विसंबला होता. त्यानं ती चौकट सरकवत सरकवत तिन्ही घंटांची एक घंटा केली.

आता घंटा होऊन अंक सुरू झाल्यावर गाठोडं दाराबाहेर पडताना विंगेत मेहुणा गुडघ्यांवर बसला होता. तोंडात टाचण्या धरून राणीचा फाटका घोळ सावरत होता. आणि पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. प्रयोग चालू असताना मालक ज्या खुर्चीवरून कधी हलत नसत, ती.

“दादा, ती खुर्ची...”

“बोलू नकोस. सगळ्या कंपनीला बोलाव. भावजींना सगळ्यांत आधी.”

संध्याकाळी मालक आले. शंकासुरानं त्यांना पडद्यासमोर बसवून चित्रण सुरू केलं. घंटा एकदम घणाणली, तसा मालकांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

“हे बंद करा हो, डोकं उठतं.”

“असू द्या, मालक,” शंकासुरानं बटणावर आपला पंजा ठेवला. “मागं उभे राहणाऱ्यांनाही ऐकू जायला हवं.”

जिन्यावर पावलं वाजत होती. सगळ्यांच्या पुढे मेहुणा होता. शंकासुर उठला आणि त्यानं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.