आक्काचा वर केलेला हात

"तुझी आक्का गेली," दाजी फोनवर म्हणाले. दुसरं काही नाही... संध्याकाळी परळच्या चाळीत पोचलो तर जिन्याखालच्या फळ्यावर कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'इहलोकीची यात्रा संपली'. ते वाचून माझ्या बहिणीने नक्की हात वर केला असता. पंजा उघडा, खांद्यापर्यंत, आणि एकच प्रश्न, "म्हणजे?"

चारचौघांत तो हात मी पहिल्यांदा पाहिला तिच्या लग्नात. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. ज्या अंगणात चळवळीची सभा झाली होती तिथेच, सभेच्याच बांबूंवर आमचा मांडव उभा राहिला. सभेतलं बोलणं इतकं साधं, की घरी येऊन आईला काही समजावून सांगावं लागत नसे. लग्नाचं मात्र वेगळं झालं. आम्ही धम्म स्वीकारून फार दिवस झाले नव्हते. जुने विधी सोडले होते, नवे अंगवळणी पडायचे होते, म्हणून दादरहून एक विद्वान गृहस्थ लग्न लावायला आले होते. पंचशील म्हणून झालं. मग ते अर्थ सांगू लागले. पाचव्या शीलाशी आल्यावर म्हणाले, "चित्ताच्या प्रमादाला कारणीभूत होणाऱ्या मादक द्रव्यांच्या सेवनापासून विरत राहण्याचा हा संकल्प होय." सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरदेवानेही.

आक्काने हात वर केला. "पोरीला पाणी द्या कुणीतरी," मागून आवाज आला.

"पाणी नको. ते आत्ता काय म्हणाले?"

गृहस्थांनी तेच पुन्हा सांगितलं, आणखी दोन जड शब्द घालून. आक्का माझ्याकडे वळली. मी तेव्हा इंटरला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगतो. "बाळ्या, तू सांग." मी घसा खाकरला. "व्यसनाधीनता ही व्यक्तीच्या सर्वांगीण..."

"घरात बोलतोस तसं बोल रे."

"दारू प्यायची नाही," मी म्हणालो. "पगाराच्या दिवशीपण नाही. दोस्तांनी ओढत नेलं तरी नाही."

आमचे बाबा दारूने गेले होते. त्यांना गुत्त्यावरून घरी आणायचं काम लहानपणी आक्काकडे असे. दाजी घेतात हे तिच्या कानावर होतं. माणूस तिला आवडला होता, म्हणून ती मांडवात उभी होती. पण पुन्हा तेच आयुष्य तिला नको होतं.

दाजींची मघाशी डोललेली मान आता हलेना. त्यांची आई पुटपुटली, "हिचं लग्न सभेतच लावायला पायजे होतं." लोक हसले. दाजी हातातल्या हाराकडे बघत राहिले... मग म्हणाले, "नाय पिणार. पण एकदम जमंल असं वाटत नाय. चुकलो तर?"

"तर मी हात वर करीन," आक्का म्हणाली आणि तिने हार घातला.

ते चुकले. तिने हात वर केला. पुन्हा चुकले, पुन्हा केला. मग कधीतरी चुकायचे थांबले. नेमकं कधी, यावर दोघं म्हातारपणापर्यंत भांडत.

पुढे मी माटुंग्याला प्राध्यापक झालो. परिसंवादांत 'संकल्पनात्मक चौकट' वगैरे ऐकताना मला त्या मांडवातल्या माना आठवायच्या. जड शब्दाला मान डोलावली की पुढे काही करावं लागत नाही, चहाला उठता येतं. माझं प्रत्येक व्याख्यान मी आधी आक्काच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवी. ती पाटावर बसून भाकऱ्या थापायची. पिठाचा हात वर झाला की मी ते वाक्य खोडायचो. माझा तास पोरांना समजायचा तो त्यामुळे.

परवा हा लेख दाजींना तिथेच वाचून दाखवला. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. शेवटी मी लिहिलं होतं, 'तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.'

दाजींनी हात वर केला. "म्हणजे?"

मी कागद खाली ठेवला. "दारात आलो की अजून तिला हाक मारतो, दाजी."

"मग तसं लिही," ते म्हणाले, आणि पाट माझ्याकडे सरकवून चहा टाकायला उठले.